अलार्मचा सेन्सर बदलताय? नुसत्या हिरव्या दिव्यावर जाऊ नका

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोललो तशीच ठेवली आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा काम करताना फोन समोर उघडा ठेवून एकेक पायरी बघायची आहे, त्यांच्यासाठी.)

आजचा विषय एका श्रोत्या ताईंच्या प्रश्नातून आलाय. प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात रो हाऊस आहे. गौरी-गणपतीला सगळे गावी जातात, घर आठ-दहा दिवस बंद असतं. घराला चोरीचा अलार्म आहे, वायरवाला. मागच्या दाराचा सेन्सर पावसाळ्यात वेळी-अवेळी बोंब मारायचा. रात्री दोनला सायरन, शेजारी जागे. मग अलार्मवाला आला, पाच-दहा मिनिटांत काम उरकून गेला. आता सायरन वाजत नाही, कीपॅडवर छान हिरवा दिवा असतो. पण परवा ताईंच्या लक्षात आलं की मागचं दार सताड उघडं असलं तरी तो दिवा हिरवाच राहतो! त्यांनी विचारलंय, "नवा सेन्सर आणून आम्हीच बसवला तर चालेल का?"

उत्तर आधीच देतो. हो, दाराचा साधा सेन्सर घरच्या घरी बदलता येतो, पण दोन अटींवर. पहिली, काम सुरू करण्याआधी सिस्टिम शांत करायची. दुसरी, काम झाल्यावर दार प्रत्यक्ष उघडून, खोलीत प्रत्यक्ष चालून तपासायचं. कारण हिरवा दिवा फक्त एवढंच सांगतो की पॅनलला काही गडबड दिसत नाहीये. पॅनलला त्या दारापर्यंत दिसतंय तरी का, हे तो सांगत नाही. ताईंच्या घरी नेमकं हेच झालंय. कसं, ते बघू.

पॅनलला घर कसं "दिसतं"?

वायरवाल्या अलार्ममध्ये एक पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा असतो, तो पॅनल. त्यात सर्किट बोर्ड, २३० व्होल्टचा करंट खाली आणणारा ट्रान्सफॉर्मर आणि लाइट गेल्यावर चालणारी १२ व्होल्टची बॅटरी. बहुतेक घरांत ही ७ अँपिअर-अवरची, म्हणजे छोट्या विटेएवढी असते. या डब्यातून प्रत्येक दाराकडे, खोलीकडे वायर जाते. अशा एका वायरीला म्हणायचं झोन. मागचं दार झोन ३, हॉल झोन ४, असं.

दारावर जो सेन्सर असतो त्याला बहुतेक जण "मॅग्नेट" म्हणतात. खरं तर त्याचे दोन भाग असतात. एकात चुंबक, तो दाराच्या पल्ल्यावर. दुसऱ्यात काचेच्या बारीक नळीत दोन पातळ पत्र्या, तो चौकटीवर, वायरीला जोडलेला. दार बंद असलं की चुंबक जवळ असतो, पत्र्या चिकटतात, सर्किट पूर्ण. दार उघडलं की चुंबक लांब जातो, पत्र्या सुटतात, सर्किट तुटतं. पॅनलला कळतं, दार उघडलं.

आता गंमत बघा. एवढंच असतं तर चोराला काम सोपं होतं. सेन्सरच्या दोन वायरी एकमेकींना चिकटवल्या की झालं. सर्किट कायम पूर्ण, दार उघडा नाहीतर तोडा. हे होऊ नये म्हणून त्या वायरीच्या अगदी शेवटी, म्हणजे सेन्सरपाशी, एक छोटा रेझिस्टर लावतात. त्याला म्हणतात एंड ऑफ लाइन रेझिस्टर. पॅनल सतत मोजत असतं. ठरलेला रोध दिसला तर सगळं ठीक. सर्किट तुटलेलं दिसलं तर दार उघडं किंवा वायर कापलेली. आणि रोध शून्य दिसला तर कोणीतरी वायरी चिकटवल्यात.

हा रेझिस्टर प्रत्येक कंपनीचा वेगळा. डीएससीच्या जुन्या वायरवाल्या पॅनलना ५.६ किलोओहम, हनीवेलच्या व्हिस्टा पॅनलना सहसा २ किलोओहम, पॅराडॉक्सला १ किलोओहम. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर पहिले तीन रंग बघा. हिरवा-निळा-लाल म्हणजे ५.६, लाल-काळा-लाल म्हणजे २, तपकिरी-काळा-लाल म्हणजे १. काही पॅनलमध्ये दोन रेझिस्टर लावतात, म्हणजे "दार उघडलं" आणि "सेन्सरशी छेडछाड झाली" हे पॅनलला वेगवेगळं कळतं.

पाच मिनिटांची "दुरुस्ती"

आता ताईंच्या घरी काय झालं असणार? सेन्सर सारखा खोटा अलार्म देतोय. तो काढा, नवा लावा, भिंतीतली वायर तपासा, हे तासाभराचं काम. शॉर्टकट काय? पॅनल उघडायचं, झोन ३ च्या स्क्रूखालच्या दोन्ही वायरी काढायच्या आणि त्यांच्या जागी थेट पॅनलवरच रेझिस्टर लावायचा. पॅनलला हवा तेवढा रोध मिळाला. ते खूश. हिरवा दिवा. आणि मागचं दार सिस्टिमच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही!

ही युक्ती स्वतःहून वाईट नाही, बरं का. झोन खरोखर वापरात नसेल तर असाच बंद ठेवतात. वाईट हे की घरच्यांना सांगितलं नाही. दार बंद करायचं, कोड टाकायचा, निश्चिंत मनाने गावी जायचं, आणि घराची सगळ्यात आडोशाची बाजू उघडी. अलार्म नसलेल्या घरापेक्षा हे धोक्याचं, कारण अलार्म नसता तर आपण निदान मागच्या दाराला एक कुलूप जास्तीचं लावलं असतं.

म्हणून आज रात्री घरातल्या प्रत्येकाने एक करा. बहुतेक कीपॅडवर "चाइम" नावाची सोय असते. ती चालू केली की अलार्म लावलेला नसतानाही दार उघडल्यावर कीपॅड टिंग करतो. ती लावा आणि एकेक दार, एकेक खिडकी उघडून बघा. टिंग झालं किंवा त्या झोनचा दिवा लागला तर ठीक. नाही झालं तर कीपॅडच्या सेटिंगमध्ये त्या झोनला चाइम आहे का ते बघा. ती असूनही शांतता असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

सेन्सर खरंच खराब आहे का?

नवा सेन्सर आणण्याआधी जुन्यावर आरोप सिद्ध करा. आपल्याकडे पावसाळ्यात लाकडी दारं फुगतात. दार पूर्ण बसत नाही, चुंबक आणि सेन्सर यांच्यात फट वाढते, वाऱ्याने दार हललं की अलार्म. साध्या सेन्सरला ही फट साधारण १५ ते २० मिलिमीटरपर्यंत चालते, नेमका आकडा पाकिटावर लिहिलेला असतो. दार लोखंडी असेल तर त्याहून बरीच कमी, कारण लोखंड चुंबकाची ताकद खातं. सेफ्टी डोअरवर साधा सेन्सर बसवला आणि तो कधी लागतो, कधी नाही, ही तक्रार नेहमीची. तिथे लोखंडी दारासाठीचा मोठा सेन्सर घ्यायचा, किंवा चुंबकाखाली प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी देऊन तो पत्र्यापासून वर उचलायचा.

कोकणात, समुद्राजवळ, अजून एक शत्रू. खारी हवा. वायरींच्या जोडावर हिरवट थर चढतो, रोध वाढतो, पॅनलला वाटतं सर्किट तुटलं. सेन्सर ठणठणीत असतो, जोड सडलेला असतो.

खोलीतल्या हालचालीच्या सेन्सरचं, म्हणजे पीआयआरचं, वेगळं. तो कॅमेरा नाही. उष्ण शरीर हललं की त्यातून निघणाऱ्या अवरक्त किरणांत जो बदल होतो, तो त्याला कळतो. त्याच्या पांढऱ्या भिंगावरून पाल फिरली तर ती त्याच्यासाठी हत्तीएवढी असते. मागच्या भोकातून मुंग्या आत शिरतात. समोरच्या खिडकीतून दुपारचं ऊन येतं, एसीचा झोत बसतो. यातलं काही असेल तर नवा सेन्सरही आठ दिवसांत तेच करणार.

तयारी: आधी माणसं, मग वायरी

पहिली पायरी, सांगून ठेवा. अलार्म वाजला की पॅनल कोणाकोणाला फोन किंवा एसएमएस करतं ते आठवा. मुलगा अमेरिकेत, मेहुणे कोथरूडमध्ये, सोसायटीचा वॉचमन. सगळ्यांना कळवा की अकरा ते एक काम चालू आहे. देखरेख करणारी कंपनी असेल तर त्यांना फोन करून सिस्टिम तेवढा वेळ टेस्टवर टाकायला सांगा. शेजारच्या काकूंनाही सांगा. नाहीतर कोणीतरी ११२ लावून मोकळं होईल.

दुसरी, वेळ. दिवसाउजेडी करा, आणि दुकानं उघडी असताना. काम अर्धवट राहिलं तर त्या रात्री तेवढा एक झोन बायपास करून बाकीचं घर अलार्मखाली ठेवता येतं. बहुतेक पॅनलमध्ये हा बायपास पुढच्या वेळी अलार्म बंद केला की आपोआप निघतो. म्हणजे रोज रात्री नव्याने लावावा लागेल, हे लक्षात ठेवा.

तिसरी, कोड. रोज अलार्म चालू-बंद करायचा तो युजर कोड. सिस्टिमची सेटिंग बदलायचा तो इन्स्टॉलर कोड, तो बहुतेकदा बसवणाऱ्याकडेच असतो. तुमच्याच घराचा आहे, मागून घ्या आणि लिहून ठेवा. वायरवाला सेन्सर तसाच दुसरा बसवायला तो सहसा लागत नाही, वायरलेसला मात्र लागतो.

चौथी, फोटो. जुन्या सेन्सरचे झाकण उघडल्याबरोबर फोटो, पॅनल उघडल्याबरोबर फोटो. वायरींचे रंग, कोणता स्क्रू, रेझिस्टर कुठे. रंगांवर भिस्त ठेवू नका. लाल म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस ही पद्धत आहे, पण रीळ संपल्यावर हातात आली ती वायर ओढलेली घरं काही कमी नाहीत. आणि हे फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. त्यावर सिरियल नंबर, क्यूआर कोड, घराची रचना, सगळं असतं.

करंट बंद करताना

सायरन का वाजतो, ते आधी समजून घ्या. पॅनलच्या आणि बऱ्याच सेन्सरच्या झाकणाखाली एक छोटं बटण असतं, टॅम्पर. झाकण उघडलं की ते सुटतं. हा टॅम्पर चोवीस तास जागा असतो, तुम्ही अलार्म बंद केला असला तरीही. आणि बाहेरच्या काही सायरनमध्ये स्वतःची बॅटरी असते. पॅनलकडून येणारा करंट गेला की तो समजतो कोणी वायर कापली, आणि सुरू होतो.

सायरनचा आवाज जवळून ११० डेसिबलच्या घरात असतो. तुम्ही स्टुलावर चढलेले, हात वर, आणि डोक्यापासून दोन फुटांवर तो सुरू झाला तर? या कामातली खरी दुखापत शॉकने होण्याआधी स्टुलावरून पडून होते, ती अशी. म्हणून घडीची शिडी घ्या, डगमगणारं स्टूल नको, आणि खाली एक माणूस शिडी धरायला.

क्रम असा. अलार्म बंद करा. पॅनलला सर्व्हिस किंवा टेस्टची सोय असेल तर त्यात टाका. म्हणजे टॅम्परने सायरन वाजणार नाही. मग पॅनलला जाणारा एमसीबी बंद करा. प्लगवर असेल तर प्लग काढा. मग झाकण उघडा आणि बॅटरीची एक वायर काढून तिच्या टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळा. नुसता एमसीबी बंद केला तर सिस्टिम बॅटरीवर चालूच राहते, हे लोक विसरतात. कीपॅड पूर्ण विझला की समजा करंट गेला.

डब्यात ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला २३० व्होल्ट येतात. एमसीबी बंद असला तरी तिकडे हात घालायचं कारणच नाही. तिथल्या वायरी उघड्या दिसल्या, जळकट वास आला, बॅटरी फुगलेली दिसली, तर झाकण लावा आणि माहीतगार इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि एखाद्या झोनवर धुराचा सेन्सर असेल तर त्याला हात लावू नका. तो चोरासाठी नाही, जीव वाचवण्यासाठी आहे. त्याचं काम ज्याला येतं त्यानेच करायचं.

दाराचा सेन्सर बदलणं

ताईंच्या घरी पहिलं काम पॅनलमध्ये. झोन ३ आणि शेजारचा कॉमन, या दोन स्क्रूंमध्ये रेझिस्टर दिसतोय आणि दाराकडून आलेल्या वायरी मोकळ्या लोंबताहेत का? दिसल्या तर चोर सापडला. तो रेझिस्टर काढून जपून ठेवा. कुठला रोध हवा ते त्यावरून कळतं, आणि दारापाशी तोच वापरता येईल.

आता दाराकडे. जुना सेन्सर काढा, वायरीला हिसका देऊ नका. भिंतीतली वायर आत निसटली तर ती परत काढणं म्हणजे अर्धा दिवस. टोकाला गाठ मारा किंवा टेपने चौकटीला चिकटवून ठेवा.

नवा सेन्सर बसवण्याआधी हातात तपासा. मल्टिमीटर बीपवर ठेवा, सेन्सरच्या दोन टोकांना लावा. चुंबक जवळ आणला की बीप, लांब नेला की शांत. उलटं होत असेल तर चुकीच्या प्रकारचा सेन्सर आलाय, दुकानदाराला परत द्या.

वायरवाला भाग चौकटीवर, चुंबक पल्ल्यावर, दोन्ही घराच्या आतल्या बाजूला. जागा बिजागरीपासून लांब, दार जिकडून उघडतं तिकडे. कारण दार थोडंसं किलकिलं झालं तरी त्या बाजूला फट पटकन वाढते, बिजागरीकडे ती जाणवतही नाही. दोन्ही भागांवर खुणा असतील तर त्या समोरासमोर. स्क्रू सोबत आलेलेच वापरा. आणि कृपा करून हातोडीने ठोकू नका. आतली नळी काचेची आहे, बाहेरून काही दिसत नाही आणि सेन्सर मेलेला असतो.

जोडणी. एक वायर सेन्सरच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकाला रेझिस्टर, आणि रेझिस्टरच्या पुढे दुसरी वायर. म्हणजे सगळं एकामागोमाग एक, माळेसारखं. रेझिस्टर सेन्सरला समांतर लावला, म्हणजे दोन्ही टोकांवर आडवा टाकला, तर सगळंच बिघडेल. दार उघडल्यावर पॅनलला तोच ठरलेला रोध दिसेल, म्हणजे पुन्हा तो फसवा हिरवा दिवा. जोड पिळून नुसती टेप लावू नका, पावसाळ्यात टेप सुटते. सोल्डर करा, वर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवा.

आता पॅनलपाशी या. वायरी अजून स्क्रूखाली लावायच्या नाहीत. मल्टिमीटर रोधावर ठेवून त्या दोन वायरी मोजा. दार बंद असताना रेझिस्टरच्या आकड्याजवळ दिसायला हवं, ५.६ किलोओहम असेल तर साधारण ५६००, थोडं इकडेतिकडे. दार उघडलं की मीटरवर सर्किट तुटल्याची खूण. दार बंद असताना शून्य दिसलं तर रेझिस्टर राहिलाय किंवा वायरी कुठेतरी चिकटल्यात. दार उघडूनही आकडा तसाच राहिला तर सेन्सर वगळून करंट दुसऱ्या वाटेने जातोय. दार बंद असूनही काहीच दिसलं नाही तर जोड सुटलाय किंवा भिंतीत वायर तुटलीये. ही दोन मिनिटांची मोजणी अख्ख्या कामाचा आत्मा आहे. ती झाल्यावरच वायरी स्क्रूखाली घ्या. रोध मोजताना करंट बंदच हवा, नाहीतर आकडे खोटे येतात आणि मीटरही बिघडू शकतो.

पीआयआर असेल तर

पीआयआरला स्वतःला चालायला १२ व्होल्ट लागतात, म्हणून वायरी जास्त. दोन करंटच्या, दोन अलार्मच्या, दोन टॅम्परच्या. करंट चालू ठेवून काम केलं आणि प्लस-मायनस चिकटले तर पॅनलचा फ्यूज उडतो, आणि मग बाकीचे सेन्सरही झोपतात. म्हणून इथे करंट बंद करणं सक्तीचं.

एकेक वायर जुन्यातून काढून नव्यात लावा, सगळ्या एकदम सोडू नका. नव्या सेन्सरचे स्क्रू त्याच क्रमाने असतील असं नाही, वर लिहिलेली अक्षरं वाचा. जुन्या सेन्सरच्या आत रेझिस्टर असेल तर तो न विसरता नव्यात न्या. जुना सेन्सर रेझिस्टरसकट भंगारात जातो आणि मग "नवीन लावला तरी चालत नाही" म्हणून सेन्सरला शिव्या बसतात.

उंची साधारण सात ते आठ फूट, नेमकी पुस्तिकेत असते. पीआयआरला आडवी हालचाल चांगली कळते, थेट त्याच्या दिशेने येणारी कमी. म्हणून चोर त्याच्या समोरून आडवा जाईल असा कोपरा निवडा. भिंगाला बोटं लावू नका. वायर जिथून आत येते ते भोक सिलिकॉनने बुजवा, मुंग्या आणि वारा दोन्ही थांबतात. घरात मांजर, कुत्रा असेल तर पाकिटावर किती किलोपर्यंतचा प्राणी चालतो ते बघा. पण सोफ्याच्या पाठीवर चढणाऱ्या मांजरापुढे तो आकडा फारसा टिकत नाही.

वायरलेसचं काय?

इथे वायर नाही, रेझिस्टर नाही, पण ओळख लागते. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा नंबर असतो, तो पॅनलला शिकवावा लागतो. जुना सेन्सर यादीतून काढा, नवा टाका, त्याला तोच झोन आणि नाव द्या. जुना यादीत राहिला तर पॅनल काही तासांनी "तो सेन्सर हरवला" म्हणून तक्रार करू लागेल, कारण असे सेन्सर मधूनमधून हजेरी देत असतात.

परदेशातून येणाऱ्यांसाठी एक सूचना. अमेरिकेहून सुट्टीला येताना सेन्सर आणणारे खूप आहेत. तिथल्या वेगवेगळ्या कंपन्यांचे सेन्सर ३१९.५, ३४५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात. युरोपातले बरेचसे ८६८ वर. तुमचं पॅनल ज्या लहरीवर आणि ज्या भाषेत ऐकतं, तिथलाच सेन्सर हवा. आकडा जुळला तरी कंपनी वेगळी असेल तर बहुतेकदा बोलणं होत नाही. पॅनलचं मॉडेल बघून इथेच घ्या, ते स्वस्त पडतं.

आणि सेन्सर बदलण्याआधी त्याची बॅटरी बदलून बघा! सीआर१२३ए किंवा नाण्यासारखी सीआर२०३२, सीआर२४५०, जी आतल्या बाजूला लिहिली असेल तीच. निम्मे "बिघडलेले" सेन्सर मला वाटतं इथेच बरे होतील. जुनी लिथियम बॅटरी किल्ल्यांच्या खिशात टाकू नका, टोकं जुळून तापते. टोकांवर टेप लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. नाण्यासारख्या बॅटऱ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने ती गिळली तर तातडीने दवाखाना, थांबून बघायचं नाही.

शेवटची परीक्षा

सगळं बंद करून करंट चालू करा. आधी मेन्स की आधी बॅटरी, हे पॅनलच्या पुस्तिकेप्रमाणे. पीआयआरला जागं व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, तोवर खोलीबाहेर थांबा. मग वॉक टेस्ट. पॅनल टेस्टमध्ये असताना सायरन न वाजता प्रत्येक झोन कीपॅडवर दिसतो. दार हळूच दोन इंच उघडा, मग जोरात. खोलीत चोरपावलाने चाला, भिंतीच्या कडेने चाला. फक्त नव्याची नाही, सगळ्याच झोनची परीक्षा घ्या, कारण काम करताना शेजारची वायर हलली असेल तर ते आत्ताच कळलं पाहिजे.

त्यानंतर एकदा खरा अलार्म लावा, शेजाऱ्यांना सांगून, आणि ते मागचं दार उघडा. सायरन वाजला पाहिजे, मुलाच्या फोनवर निरोप गेला पाहिजे. मग कंपनीला फोन करून टेस्ट बंद करायला सांगा. हे विसरलात तर पुढचा खरा अलार्मही ते टेस्टच समजतील.

आलेले आणखी दोन प्रश्न

एकाने विचारलंय, "माणूस बोलावलाच तर त्याच्याकडून काय करून घ्यायचं?" तीन गोष्टी. जाण्याआधी तुमच्यासमोर वॉक टेस्ट. कोणता झोन बंद केला असेल तर बिलावर लेखी. आणि इन्स्टॉलर कोड. तो गेल्यावर युजर कोड बदला. कित्येक घरांत तो अजूनही १२३४ आहे, आणि ते फक्त आपल्यालाच माहीत आहे असं प्रत्येकाला वाटतं.

दुसरा प्रश्न, "भाड्याच्या घरात बदलू का?" पॅनल घरमालकाचं असेल तर आधी त्यांना विचारा. जुना सेन्सर पिशवीत घालून जपून ठेवा, निघताना लागतो.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. सेन्सर तुम्ही बदलू शकता, पण तो कदाचित खराबही नसेल. आधी पॅनलमध्ये तो रेझिस्टर बघा, मग दाराची फट, मग जोड. आणि गणपतीला निघायच्या आदल्या दिवशी, बॅगा भरून झाल्या की, मागचं दार एकदा उघडून बघा. कीपॅड ओरडला तर निवांत जा.

बाकीच्यांनी आज चाइम लावून दारं तपासली, तर कुठला झोन मुका निघाला ते नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. मोरया!